तिसरी फेरी

आमच्या हवासात कॉफी तीनदा उकळतात, त्याच भुकटीवर.
पहिल्या फेरीचं नाव अबोल,
आणि बोलणं सुरू होतं तिथूनच.
मग तोना. मग बरका, म्हणजे आशीर्वाद;
तोवर पाणी इतकं पातळ की पोरांनाही चालेल.

अफवेचं उलट. ती दर उकळीला दाट होते.

मी चव घेते. पगार त्याचाच.
सहकारी संघाच्या लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या,
चार मिनिटं थांबायचं, चमच्यानं वरची साय मोडायची,
वाकून वास, फुर्रकन घोट, मग थुंकणं.
एकोणीस वर्षं.
माझ्या आकड्यावरून डोंगरात कुणाच्या घरावर पत्रे चढतात,
कुणाचं गवत तसंच राहतं.

ऑगस्टात ताप आला. अकरा दिवस. उतरला.
परतले तर अतो शिफेराव खिडकीकडे बघत म्हणाले,
"मुलुवर्क, आणखी जरा आराम कर."
माझा चमचा धुऊन खणात ठेवलेला.
खणाला कुलूप.

वाट्या विसळणारी दिंकनेश नळ मोठा सोडून बोलली :
म्हणतात, तुझी जीभ मेली.
म्हणतात, तू अंदाजानं आकडे लिहितेस.
म्हणतात, अंदाजानं नाही, पाकीट घेऊन.
म्हणतात, तुझ्यापायी एक कंटेनर परत येतोय.

कुठलाच कंटेनर परत येत नव्हता.
तरी मी जिबूतीला फोन लावून विचारलं.
रात्री लिंबू चावलं, मीठ चाटलं, पुन्हा लिंबू.
आंबट. खारट. आंबट.
आपलीच झडती आपण घ्यायची,
ही त्यांची पहिली कमाई.

गुरुवारी गेले. रडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.
"पाच रांगा मांडा. दर रांगेत तीन वाट्या,
दोन सारख्या, एक परकी. परकी मी उचलते.
आणि दार उघडं ठेवा."

दारात ड्रायव्हर, हिशेबनीस, पोती शिवणाऱ्या बायका.
इतक्या शांततेत माझं फुरकणं
मलाच निर्लज्ज वाटलं.

पाचातल्या चार.
जी चुकली ती देरिबेलाही चुकली,
आणि संघातलं सगळ्यात तरुण नाक त्याचं.
शिफेरावांनी स्वतः खण उघडला.

संध्याकाळपर्यंत नवी निघाली :
तिला वाट्या आधीच दाखवल्या होत्या.

मग मी उलटी चालत गेले.
देरिबेला ड्रायव्हरनं सांगितलेलं, ड्रायव्हरला न्हाव्यानं,
न्हाव्याला इतेनेशच्या नवऱ्यानं.
इतेनेश माझी शेजारीण.
आणि इतेनेशला?

ताप होता तेव्हा तिच्याच ओसरीवर,
हातात तिसरा कप, मी हसत म्हणाले होते,
"काहीच लागत नाही गं, तोंडात नुसती राख."

आमच्या कपांना कान नसतात. भिंतींना असतात.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
माझ्या जिभेला नोकरी होती, हे मीच विसरले.

भांडायला म्हणून रविवारी तिच्याकडे गेले.
ती बिया भाजत होती, धूर माझ्याकडे वळवला, रीतीप्रमाणे.
भांडण घशाशी येई आणि कप पुढे होई.
अबोल. तोना.
तिसरा कप देताना तिनं विचारलं, "कशी झालीय?"
डोळे कपावर.

"बिया एका अंगानं करपल्यात," मी म्हणाले,
"आणि यात मीठ आहे."

तिचा हात थांबला.
चिमूटभरच टाकलं होतं तिनं. बघायला.

कामावर मी कधीच गिळत नाही.
तो घोट गिळला.